हिरवा ठिपका

हिरवा ठिपका चुकीच्या जागी होता. सृष्टीनं मायक्रोस्कोपवरून मान वर केली, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. चौथ्या गुणसूत्राच्या टोकाला चमकायचा तो ठिपका आठव्याच्या टोकावर खुशाल बसला होता.

“मॅडम, नवं रसायन बोगस निघालं,” ती वैतागून म्हणाली.

गुणसूत्रांची टोकं म्हणजे मोठं चंचल प्रकरण. शेजारणींच्या वाट्या एकमेकींच्या घरी जाव्यात, तसे या टोकांजवळचे डीएनएचे तुकडे लाखो वर्षं इकडून तिकडे जात आले आहेत. त्यामुळे टोकं दिसतातही सारखी, आणि नवी अदलाबदल झाली तरी साध्या तपासणीत कळत नाही. म्हणून खडकीच्या या लॅबनं टोकं रंगवणारं रसायन मागवलं होतं. ते आधी निरोगी माणसाच्या रक्तावर वापरून बघायचं, आणि त्यासाठी लॅबमधल्याच कुणीतरी बाही वर करायची, हा तिथला रिवाज. या वेळी बाही सृष्टीची होती.

तसंही तिचं कामात लक्ष नव्हतं. गेल्या महिन्यात पुन्हा गर्भपात झाला होता. डॉक्टर दर वेळी म्हणायचे, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मग सृष्टी स्वतःलाच बोल लावायची. जिना चढले म्हणून झालं, पपई खाल्ली म्हणून झालं. आता पुरे, असं तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, अनिरुद्धनं ठरवलं होतं. ठरवलं होतं, पण तिला मूल हवंच होतं.

लॅबप्रमुख मंदाकिनी मॅडमनी ते रसायन स्वतःच्या रक्तावर वापरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सगळे ठिपके जागच्या जागी होते. मग त्या सृष्टीच्या काचेवर बराच वेळ वाकून राहिल्या.

“रसायनाला नावं ठेवू नकोस. ते उत्तम आहे,” त्या कोरडेपणानं म्हणाल्या. “निरोगी माणूस निवडताना आपण माती खाल्ली.” मग त्यांनी तिचा हात धरला. “तुझ्यात काही कमी नाही गं, दोन तुकड्यांनी नुसती जागा बदललीय. बाळात ती अदलाबदल अर्धीच उतरली, की गर्भ टिकत नाही. पुरती उतरली, किंवा मुळीच नाही उतरली, तर बाळ ठणठणीत. आणि आता गर्भ बाहेर तयार करून, पोटात ठेवण्याआधीच ते तपासता येईल.”

सृष्टी फोन घेऊन बाहेर धावली. अनिरुद्ध मंडईत होता. भाजीवाल्यांच्या गलक्यात त्याला धड ऐकू येईना.

“अरे, माझ्यात दोष आहे!” रडत, हसत ती ओरडली. “खराखुरा दोष सापडलाय!”