बापाचा उपयोग

सुशीलला जाग आली तेव्हा मुलाखतीची वेळ टळून गेली होती. रात्रभर मॅच बघत बसला स्वतः, आणि खापर फोडलं आईवर.

"बाबांनी तुले चारदा हलवलं," वनमालाबाई म्हणाल्या. "हव हव म्हणत कूस बदलून झोपलास. आता ते पोरीवाले थांबतीन का? नोकरी लागली तरच लग्न म्हणून राहिले ते."

"बाबा कुठे आहेत?"

"गेले स्कूटर घेऊन. मले काही सांगितलं नाही."

रामकृष्णराव रेल्वेतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. साहेबापुढे जन्मात तोंड न उघडलेला माणूस. असल्या गोगलगाय बापाचा काय उपयोग, असं सुशीलचं कायमचं मत. आज मात्र त्याला उपयोग सापडला.

चौकातल्या एसटीडी बूथवरून त्यानं, जिथे मुलाखत होती त्या सिलतऱ्याच्या कारखान्यात फोन लावला. भरतीचं काम बघणाऱ्या पद्मजा मॅडम या हिंदी मुलखातही मराठी होत्या, हे त्यानं आधीच काढून ठेवलं होतं. आपल्यातली बाई, सुतक म्हटलं की विरघळणार.

"मॅडम, सुशील बोलतोय. आज मुलाखतीला येता नाही आलं. वडील वारले."

"कधी?"

"आज पहाटे."

"नाव काय त्यांचं?"

"रामकृष्ण."

पलीकडे रिसीव्हरवर हात ठेवल्यासारखा आवाज दबला. रडूबाई दिसते, सुशीलला हसू आलं.

"तेरावं झालं की या," शेवटी बाई म्हणाल्या.

दुपारी रामकृष्णराव परतले. सदऱ्यावर काळी धूळ, चेहरा उतरलेला. ताटावर बसले आणि दोन घास खाऊन उठले.

"या वयात उन्हात कशाला भटकता?" सुशील खेकसला.

नाटक करायचं तर पुरतं करावं. सुशीलनं डोक्याचा गोटा करून घेतला.

"बाप जिता असताना मुंडण काहून केलं रे?" वनमालाबाईंनी कपाळावर हात मारला.

"गर्मी होऊन राहिली."

रामकृष्णराव त्या डोक्याकडे बघत राहिले. "ओरडू नको त्याच्यावर," ते बायकोला म्हणाले. "केस येतीन परत."

नंदीबैल, सुशील मनात म्हणाला.

ठरल्या दिवशी तो पद्मजा मॅडमसमोर बसला आणि त्यानं आवाज दाटून आणला. "बाबा गेले आणि डोक्यावरचं छत्रच गेलं, मॅडम."

मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "मी तुम्हाला दुसरी तारीख देणारच नव्हते. पण एका माणसानं तुमच्यासाठी फार विनवण्या केल्या. तुम्ही तापानं फणफणलाय म्हणाला."

"कोणी?"

"तुमच्या वडिलांनी. तुमचा फोन आला तेव्हा ते इथेच, माझ्यासमोर बसले होते. तेरावं झाल्यावर बोलवा, हे त्यांनीच मला सांगितलं."