उलट्या पिळाचा दोर

वाडगा पुन्हा भाताने काठोकाठ भरलेला पाहून शामलाबाईंनी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. पानात टाकायचं नाही, ही त्यांची कराडची शिस्त. रिकामा वाडगा दिसला की भरायचा, ही चोईबाईंची. दोन शिस्तींच्या कात्रीत त्यांचं पोट तट्ट फुगलं होतं.

"और थोडा, भाभी." चोईबाईंनी प्रसाद द्यावा तसा दोन्ही हातांनी वाडगा पुढे केला. इतकी वर्षं कुवेतमध्ये काढून त्यांनी बकाल्यात, कोपऱ्यावरच्या दुकानात, भाजी घेण्यापुरती हिंदी कमावली होती. शामलाबाईंची हिंदीही त्याच तोलाची, त्यामुळे दोघींचं बरं जमत होतं.

"बस हो गया. सुयोग कब आयेगा?"

"शाम को. साइट पे." चोईबाई हसल्या आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

सकाळी विमानतळावर लेक आलाच नव्हता. त्याच्या वतीने आले ते त्याच्या कंपनीतले चोईसाहेब, हातात पाटी घेऊन. लेकाचा नुसता फोन. "आई, साइटवर अडकलोय. संध्याकाळपर्यंत अबू हलीफाला चोई आंटींकडे थांब. फार चांगली माणसं आहेत." कुणी फार चांगलं म्हटलं की शामलाबाईंचे कान टवकारायचे.

शिवाय या चांगल्या माणसांना जीयून नावाची मुलगी होती. दोन वर्षांपूर्वी सुयोगने फोनवर ते नाव काढलं होतं.

"चिनी सून आणलीस तर मला आई म्हणू नकोस," शामलाबाईंनी बजावलं होतं.

"आई, कोरियन आहे ती."

"तेच ते."

त्यानंतर त्याने ते नाव काढलं नाही, आणि तो घरीही आला नाही. नवऱ्यामागे त्यांना हा एकच मुलगा. त्याला परत न्यायचं, हे ठरवूनच त्या विमानात बसल्या होत्या. पर्समध्ये, सून म्हणून हेरलेल्या साताऱ्याच्या ज्ञानदाचा फोटोही होता.

चपला दाराशी काढायची इथली पद्धत त्यांना आवडली होती. पण तिथेच रॅकमध्ये त्यांना सुयोगचे बूट दिसले. उजवी टाच आतून झिजलेली. शाळेपासून तो असेच बूट झिजवायचा. मग साइटवर काय अनवाणी गेलाय?

भिंतीवर जीयूनचे पुष्कळ फोटो होते. मधोमध मात्र नुसता खिळा, आणि त्याखाली न विटलेला चौकोन.

वाडगा ठेवायला त्या स्वयंपाकघरात गेल्या. पाहुण्याने आयतं बसून खाऊ नये. चोईबाईंनी फ्रिज उघडला आणि शामलाबाईंचे डोळे विस्फारले. आत त्यांनी सुयोगला धाडलेल्या लोणच्याची बरणी होती, त्यांच्याच हिरव्या लुगड्याचा दादरा बांधलेली. चोईबाईंनी त्यातल्या दोन फोडी काढल्या, काळपट हिरव्या शेवाळाच्या सारासोबत ट्रेमध्ये ठेवल्या आणि बोळाच्या टोकाच्या खोलीत नेऊन दिल्या. दार लगेच बंद झालं. असलं अळणी सार तर आजाऱ्यालाच देतात!

त्या दारावर गवताचा दोर बांधला होता. पीळ उलटा. पिळात लाल मिरच्या आणि कोळशाचे तुकडे खोचलेले. लिंबू तेवढं नव्हतं. शामलाबाईंच्या कराडच्या दारावर दर शनिवारी असंच लटकायचं, त्यामुळे त्या काय समजायचं ते समजल्या.

"ये किसलिये?"

"बाहर का आदमी अंदर नहीं," चोईबाई अदबीने म्हणाल्या.

पोटचा पोरगा आत, आणि आपण बाहरचा आदमी! पण शामलाबाई हसल्या. पाहुण्याने हसावं.

बाल्कनीत समुद्राचं गरम वारं होतं. तिथे दोरीवर पांढरेशुभ्र मऊ फडके वाळत होते, ओळीने, जखमेवर बांधतात तसे. त्यांनी लेकाला फोन लावला.

"आई, वारा फार आहे गं इथं. संध्याकाळी येतोच मी."

एवढ्यात स्वयंपाकघरातला विजेचा कुकर भात शिजल्याची वर्दी देऊ लागला. आधी एक नाजूक धून, मग कोरियन भाषेत बाईचा आवाज. तीच धून फोनमधूनही ऐकू आली. सुयोगने फोन ठेवून दिला.

शामलाबाई बोळात येऊन उभ्या राहिल्या. लेक पाच पावलांवर होता. आजारी असेल, जखमी असेल, या लोकांनी काही खायला-प्यायला घालून त्याची मती फिरवली असेल. आरडाओरडा करून उपयोग नव्हता. परका देश, परकं घर. आधी ही करणी मोडायला हवी.

दुसऱ्याच्या उताऱ्याला हात लावू नये, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी टाचा उंचावल्या, दोर धरला आणि हिसडा मारला. तो खिळ्यासकट हातात आला. दोन मिरच्या फरशीवर पडल्या.

"माझा आहे तो!" त्या मोठ्याने म्हणाल्या.

स्वयंपाकघरातून चोईबाई आल्या. हातात पांढऱ्या वड्यांचं ताट. त्यांनी दोराकडे पाहिलं, शामलाबाईंकडे पाहिलं. ताट खाली ठेवलं आणि कंबरेत पार वाकून नमस्कार केला. त्या सरळ झाल्या तेव्हा त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. हे आणखी काय सोंग, म्हणून शामलाबाई एक पाऊल मागे सरल्या.

दार उघडलं. सुयोग उभा होता. धडधाकट. खांद्यावर तसलाच एक पांढरा फडका. त्याने आईच्या हातातला दोर पाहिला.

"आंटींनी सांगितलं तुला?" त्याने विचारलं. "यांच्या घराण्यात बाळंतिणीच्या दारावरचा हा दोर बाळाच्या बापाच्या आईनंच उतरवायचा असतो. त्या सकाळपासून तुझ्यासाठी थांबल्या होत्या. मीच म्हणत होतो, आई हात लावणार नाही."