दुसरी रेघ

धाकटी बहीण कॉलेजात मानसशास्त्र शिकते. तिच्या प्रयोगाला माणसं कमी पडत होती, म्हणून मी जाऊन बसले. कार्डावर तीन रेघा. सगळ्यांत लांब कोणती, एवढंच सांगायचं. पहिली लांब होती, त्यात डोकं खाजवण्यासारखं काही नव्हतं. पण माझ्याआधीचे चौघे एकामागून एक छातीठोकपणे म्हणाले, "दुसरी." माझी पाळी आली. मीही म्हणाले, "दुसरी." चौघे गेल्यावर धाकटी हसत सुटली. "ताई, ते माझेच मित्र गं! मुद्दाम चुकीचं बोलायला बसवले होते. तुला पहिली लांब दिसली नाही?" "दिसली." "मग बोलायचं ना!" मी लग्न ठरल्याची अंगठी ओढून पाहिली, बोटातून हलेना. "मुलगा घरी येऊन गेला, तेव्हा सगळे 'छान आहे' म्हणालात. मला सगळ्यांत शेवटी विचारलंत." धाकटीचं हसू मावळलं. मी म्हणाले, "माझ्याआधी तू बोलली होतीस."