रिकाम्या वाडीतलं मत

आचारसंहिता लागली तशी अनसूयाकाकींनी नवऱ्याच्या माघारी आपल्या नावावर झालेली बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. वाडीतली बाकी सगळी घरं मुंबईला गेलेली. अंधार पडला की डुकरं भुईमूग उकरायची आणि काकी पडवीत बसून पत्र्याचा डबा बडवायच्या.

एक उमेदवार गाड्यांचा ताफा घेऊन आला. “मला निवडून द्या. पुन्हा कधी बंदूक जमा करावी लागणार नाही,” म्हणाला आणि पाणीही न पिता गेला.

दुसरी उमेदवार वैजयंती. ती एकटीच चढ चढून आली, काकींचं सगळं ऐकत बसली. “तो नियम बदलणं माझ्या हातात नाही, काकी. खोटं कशाला बोलू?”

निवडून तो आला. काकी ठाण्यातून परत आणलेली बंदूक पुसत होत्या, तेव्हा वैजयंती पुन्हा दारात उभी राहिली.

“तुमच्या केंद्रावर मला एकच मत पडलं.”

“ते माझं.”

“वाटलंच. म्हणून आले.”

“जेवूनच जा,” म्हणत काकी आत गेल्या. तांदूळ धुतले, चुलीवर पातेलं ठेवलं. दोघींच्या भाताला पाणी किती घालायचं, ते मात्र त्यांना पटकन आठवेना.