फळीवरची उलटी पुस्तकं

मनकर्णाबाईंची विशाखा बी.ए. झाली, म्हणून तिचे नाडगौडा सर पेढे खायला घरी आले. बाहेरच्या खोलीतल्या फळीवर पुस्तकं नीट ओळीत होती, पण एक सोडून सगळी खाली डोकं, वर पाय. सरांना राहवेना. उठून ते एकेक सुलटं करू लागले.

"सर, ऱ्हाऊ द्या," मांडीवरचं बिड्यांचं सूप न हलवता मनकर्णाबाई म्हणाल्या. "मला वाचता येत न्हाई. लेक वाचती, मी बिड्या वळत ऐकती. पुस्तक संपलं की मीच उलटं करती. म्हंजे कळतंय, कुटलं झालं ते."

सरांनी सुलटी केलेली पुस्तकं पुन्हा उलटी केली. मग त्यांनी ते एकटं सुलटं पुस्तक हातात घेतलं. ते त्यांचंच होतं, त्यांनीच लिहिलेलं. सही करून विशाखाला बक्षीस दिल्याला तीन वर्षं झाली होती.

"हे राहिलंय वाटतं अजून?"

"तीनदा धरलं, सर," बाई बिडीचं पान कापत म्हणाल्या. "पर ते सुरू झालं की मला डुलकी लागती. त्या दिवशी बिड्यांचा हजार भरत न्हाई."