बाहेर गेलेलं पुस्तक

"पाहा गा नानाजी, तीन दिवस झाले, ही माझ्याशी बोलून नाही राहिली!" रंभाबाईंनी वाचनालयाच्या टेबलावर पिशवी आदळली. "भाजीत मीठ बरोबर पडते, चहा वेळेवर येते, पण तोंडाले कुलूप. सासूवर राग आला तर माणसानं भांडावं, दोन भांडे आपटावे. हिचं आपलं गप्प."

भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती. रंभाबाई दुसरीपर्यंत शिकलेल्या, तेवढ्या शिक्षणात ती पाटी वाचता येत होती. पण ती दुसऱ्यांसाठी लावलेली आहे अशी त्यांची समजूत होती. पेपर वाचणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मागं उभी असलेली सून, प्रेमलता, पुढं आली.

"नानाजी, माझं पुस्तक परत द्या मला. कपाटातून काढून टाका."

"काहून?" ग्रंथपाल नानाजी गडबडले. "दोन वर्षांपूर्वी तुम्हीच तर आणून दिलं होतं. आणि चालते ना आता ते. बारा शिक्के पडले चिठ्ठीवर!"

"त्याचंच बोलते आहे मी."

या वाचनालयातली कपाटं कुलपात असत. माणूस येई, "द्या काही चांगलं" म्हणे. नानाजी पुस्तक उलटं करून मागच्या चिठ्ठीवरचे तारखांचे शिक्के पाहत आणि ज्यावर जास्त, ते हातात देत. प्रेमलतानं लिहिलेल्या गोष्टींच्या पुस्तकाची चिठ्ठी वर्षभर कोरीच होती. कोरी म्हणून कोणाला देत नसत, देत नसत म्हणून कोरी. रंभाबाईंचं अर्धं आयुष्य इतवारीत मिरच्या विकण्यात गेलं होतं. ढिगाभोवती दोन बाया उभ्या दिसल्याशिवाय तिसरी थांबत नाही, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं. त्यांनी गल्लीतल्या बायांच्या ते पुस्तक न्यायच्या पाळ्या लावल्या. दर आठवड्याला एक.

"परवा मासिक परत द्यायला आले, तर तुमचं रजिस्टर उघडं होतं," प्रेमलता म्हणाली. "माझ्या पुस्तकासमोर तुळसाकाकूंचा अंगठा! गोष्टींचं पुस्तक नेलं आणि सहीच्या जागी अंगठा, नानाजी! मग वरची सगळी नावं वाचली. एकीलाही वाचता येत नाही."

"जिजाबाईले थोडं येते," रंभाबाई म्हणाल्या.

"आणि मी वेडी! ते शिक्के मोजून दुसरं पुस्तक लिहायला बसले." तिचा आवाज चिरकला. "चार वह्या भरल्या. बांधून टाकल्यात माळ्यावर. उद्या बंबात घालणार आहे."

रंभाबाईंनी उगाच पिशवीचं तोंड उघडलं, आत पाहिलं, मिटलं.

नानाजींनी कपाट उघडलं. वरचा खण पाहिला, खालचा पाहिला, आणि रिकाम्या हातानं परत आले.

"बाहेर गेलेलं आहे."

"बाहेर म्हणजे कोणाकडं?" रंभाबाई एकदम ताठ झाल्या. "आमच्या पार्वतीबाईची पाळी होती. तीन चकरा मारून गेली ते. तिलेही तुम्ही हेच सांगून राहिले."

नानाजींनी रजिस्टरच्या ओळीवरून बोट फिरवलं. "भिवापूरच्या एक बाई आहेत. नवरा धंतोलीच्या दवाखान्यात होता महिनाभर. भावाच्या कार्डावर पुस्तकं न्यायच्या, त्याच्या उशाशी बसून वाचायले. म्हणाल्या, द्या काही चांगलं. शिक्के पाहून मीच दिलं."

"नवरा कसा आहे तिचा?" रंभाबाईंनी मधेच विचारलं.

"त्यांचा? बरा झाला. घरी गेले."

"मग?"

नानाजींनी आवाज उतरवला. "पाच पुस्तकं होती त्यांच्याकडं. जाताना चार आणून दिली. हे एकच नाही. मी दोन पोस्टकार्डं टाकली. भाऊ येऊन सांगते, ताई पाठवतो म्हणते. पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात. अडीच महिने झाले." ते ओशाळून प्रेमलताकडं वळले. "कोणावर भरोसा ठेवावा सांगा. नाहीतर आपल्या ह्या अकरा बाया. तारीख चुकली नाही, पान मुडपलं नाही."

प्रेमलता रजिस्टरमधल्या त्या ओळीकडं पाहत होती. तिथं अंगठा नव्हता. बारीक, उजवीकडं झुकलेली सही होती.

"ती चार कोणाची होती?" तिनं विचारलं.

"मोठ्यामोठ्या लेखकांची. तुमचं मी वरून पाचवं दिलं."

"आणि ती चार दिली परत?"

"चारही."

प्रेमलतानं पुन्हा सहीकडं पाहिलं. पुस्तक परत मागायचं ती विसरली होती.

रंभाबाईंनी पिशवी खांद्याला लावली, सुनेचा दंड धरला आणि तिला दारापर्यंत आणलं. पायरीवर थांबल्या. म्हाताऱ्यांचे पेपर पुन्हा खाली आले.

"ऐक वं प्रेमलता. तुळसाबाईनं तुझं पुस्तक धुतलेल्या फडक्यात बांधून आठ दिवस पेटीत ठेवलं, नातवाचा हात नाही लागू दिला, अन् जसंच्या तसं वापस केलं. अकराही जणींनी वापस केलं. त्या भिवापूरवालीच्या हातून नाही सुटून राहिलं. आता तूच सांग, वाचलं कोणी? चाल घरी, वह्या उतरव माळ्यावरून. बंबाले गोवऱ्या लय आहेत."