नऊ नंबर

समोरच्यांचा फटका बाहेर गेला आणि कॉलेज व्हॉलीबॉलची फायनल जिंकली म्हणून सगळं होनोलुलू नाचायला लागलं. तेवढ्यात आपल्याच नऊ नंबरच्या केआवेनं हात वर केला. चेंडू त्याच्या बोटाला लागून गेला होता. पंचांना ते दिसलंही नव्हतं. गुण गेला, पाठोपाठ सामनाही गेला.

मोआनीच्या खानावळीत आता त्याचाच उद्धार चालला होता.

"तोंड बंद ठेवलं असतं तर मेला असता का?"

"मोठा आलाय सत्यवादी!"

सगळ्यात चढा आवाज क्लिफर्डचा. "विकला गेलाय तो, दुसरं काय!"

मोआनीनं नूडल्सचा वाडगा त्याच्यापुढे आदळला. "अंकल, कुणाचं तरी पोर आहे ते. जरा जीभ आवरा."

"असल्या पोराच्या बापानं तोंड लपवून बसावं," क्लिफर्ड म्हणाला. सगळे हसले.

दार ढकलून केआवे आत आला. हशा विरला. तो सरळ क्लिफर्डच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"बाबा, आई गाडीत थांबलीय. घरी चला ना."

क्लिफर्डनं मान वर केली नाही. "मोआनी, जरा रस्सा वाढ," तो म्हणाला.

मोआनीनं त्याच्यापुढचा वाडगाच उचलून घेतला.